सल्ला कोणाचा, सही कोणाची?

जुलै २०२३ मधला एक शुक्रवार. जुम्म्याची नमाज संपवून बाहेर पडलो तर दारात दोन-तीन तरुण मोबाईल पुढे धरून उभे होते. क्यूआर कोड स्कॅन करायचा, नाव टाकायचे, बटण दाबायचे. समान नागरी कायद्याला विरोध नोंदवणारा ईमेल थेट विधी आयोगाकडे जाणार. मजकूर आधीच लिहिलेला होता, तोही इंग्रजीत. मी माझा पाठवला. घरी येऊन अब्बांच्या, अम्मीच्या आणि आमच्याकडे राहणाऱ्या खालाच्या मुलीच्या फोनवरूनही पाठवला. चार माणसे, चार ईमेल, दहा मिनिटे. कौमसाठी काहीतरी केल्याचे समाधान वाटले.

संध्याकाळी आपाने विचारले, "मेरे नाम पे क्या लिख्या रे तू?"

मला सांगता आले नाही. मी तो मजकूर वाचलाच नव्हता.

आपाचे लग्न सीमेपलीकडे तेलंगणात झाले. धर्माबादेत हे नेहमीचेच आहे. अर्धे नातेवाईक अलीकडे, अर्धे पलीकडे. तिचा नवरा तिला दोन मुलांसह माहेरी सोडून गेला, त्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती. त्याने दुसरा निकाह केला. हिला तलाक दिला नाही आणि देणारही नाही, कारण एका दमात तीनदा तलाक म्हटले तर तुरुंग आहे हे त्यालाही ठाऊक आहे. खर्चाला एक रुपया येत नाही. तिचा मामला दोनदा बैठकीत गेला. बैठकीला तिचे भाऊ आणि मामू होते, ती नव्हती. दोन्ही वेळा निरोप एकच आला, सब्र करो.

आणि तिच्या नावाने मी दिल्लीला कळवून मोकळा झालो होतो की आहे ते आहे तसेच राहू द्या.

हे संपादकीय म्हणजे त्या ईमेलची कबुली आहे. पण नुसती कबुली देऊन भागणार नाही. आपल्या घरातल्या कायद्याबद्दल सरकारला सल्ला कोण देतो, तो कसा देतो आणि त्या सल्ल्यात आपाला जागा कुठे असते, हे आपण तरुणांनी नीट समजून घेतले पाहिजे.

विधी आयोग म्हणजे काय

स्वतंत्र भारताचा पहिला विधी आयोग १९५५ मध्ये नेमला गेला. अध्यक्ष होते मो. चि. सेटलवाड. तेव्हापासून साधारण तीन-तीन वर्षांच्या मुदतीने आयोग नेमले जातात. आयोग संविधानाने निर्माण केलेला नाही, त्यासाठी वेगळा कायदाही नाही. सरकारी आदेशाने तो बसतो आणि मुदत संपली की उठतो. त्याची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. मग त्याला महत्त्व कशासाठी द्यायचे? कारण कायदा होण्याआधी लोकांना विचारण्याची जी थोडीफार सोय आपल्याकडे आहे, ती इथे आहे. न्यायालयात जायला वकील लागतो, संसदेत जायला निवडून यावे लागते. आयोगाला पत्र लिहायला यातले काहीच लागत नाही.

कौटुंबिक कायद्याबद्दल आयोगाने अलीकडे दोनदा विचारले. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एकविसाव्या आयोगाने १६ प्रश्नांची प्रश्नावली काढली. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने तिच्यावर बहिष्कार टाकला. तरी पंचाहत्तर हजारांहून अधिक उत्तरे आली आणि ३१ ऑगस्ट २०१८ रोजी न्या. बी. एस. चौहान यांच्या आयोगाने 'कौटुंबिक कायद्यातील सुधारणा' या विषयावर १८५ पानांचा सल्लामसलत मसुदा प्रसिद्ध केला. नंतर १४ जून २०२३ रोजी बाविसाव्या आयोगाने पुन्हा मते मागवली. त्या सूचनेत सर्वसामान्य जनता आणि मान्यताप्राप्त धार्मिक संघटना यांचा उल्लेख होता. या वेळी प्रश्नावलीही नव्हती, की कोणता मसुदा समोर नव्हता. समोर काहीच नसल्यावर उत्तरेही 'हो' किंवा 'नाही' एवढीच आली. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी त्या आयोगाची मुदत संपली आणि या विषयावरचा अहवाल आलाच नाही.

अर्धेच वाचलेले वाक्य

२०१८ च्या मसुद्यातले एक वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक सभेत ऐकू येते. समान नागरी कायदा या टप्प्यावर आवश्यकही नाही आणि इष्टही नाही, असे आयोगाने म्हटले आहे. आपले नेते ते वाक्य ढालीसारखे पुढे करतात. मीही केले आहे. पण ज्या कागदात हे वाक्य आहे त्याची उरलेली पाने आपल्यापैकी किती जणांनी पाहिली?

त्यात आयोगाने सांगितले की वेगळेपण असणे म्हणजे भेदभाव नव्हे. मात्र प्रत्येक धर्माच्या व्यक्तिगत कायद्यात स्त्रीशी होणारा भेदभाव दूर झालाच पाहिजे. मुलगा आणि मुलगी दोघांच्याही लग्नाचे वय १८ असावे, कारण वयात फरक ठेवला की बायको नवऱ्यापेक्षा लहानच असली पाहिजे या समजुतीला खतपाणी मिळते. बहुपत्नीत्व हा गुन्हा आहे हे निकाहनाम्यातच स्पष्ट लिहावे आणि हे सर्व समाजांना लागू व्हावे. यामागचे कारण आयोगाने सरळ दिले आहे: एकाच वेळी अनेक जोडीदार करण्याची मुभा फक्त पुरुषाला आहे, आणि हा अन्याय आहे. लग्नानंतर जोडप्याने मिळवलेली मालमत्ता दोघांची मिळून धरावी. मूल नसलेल्या विधवेलाही पहिल्या दर्जाच्या वारसांत स्थान द्यावे.

म्हणजे आयोगाने आपल्याला 'समान नागरी कायदा नको' एवढेच सांगितलेले नाही. 'तुमचा कायदा तुमच्याकडे ठेवा, पण त्यातला अन्याय काढा,' असे सांगितले आहे. पहिला भाग आपण उचलला, दुसरा खाली ठेवला. समान नागरी कायद्याचा झेंडा घेऊन आपल्या मोहल्ल्यावर चाल करून येणाऱ्यांनीही तो कागद असाच अर्धा वाचला. त्यांनी दुसरा भाग घेतला आणि पहिला टाकला. आपासाठी दोन्ही बाजू सारख्याच निरुपयोगी ठरल्या.

इतरांच्या घरात काय झाले

सल्ला देणारी समिती काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे इतर समाजांच्या अनुभवावरून कळते. हिंदू कायद्यासाठी १९४१ मध्ये बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य ज. र. घारपुरे तिचे सदस्य होते. १९४५ मध्ये ही समिती मुंबई, पुणे, नागपूर, लाहोर, मद्रास असे करत देशभर फिरली. शास्त्री-पंडितांनी विरोधात साक्षी दिल्या, स्त्रियांच्या संघटनांनी बाजूने दिल्या. पुढे हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कायदामंत्रिपद सोडले. १९५५-५६ मध्ये ते बिल चार तुकड्यांत मंजूर झाले, पण वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क मिळालाच नाही. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये आपल्यापुरता दिला. २००० मध्ये विधी आयोगाने १७४ व्या अहवालात तो देशभर देण्याची शिफारस केली आणि २००५ मध्ये तसा कायदा झाला.

ख्रिस्ती भगिनींची वाट याहून लांब होती. १८६९ च्या कायद्यानुसार नवऱ्याला घटस्फोटासाठी बायकोचा व्यभिचार तेवढा सिद्ध करावा लागे. बायकोला व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. विधी आयोगाने १९६० मध्ये ख्रिस्ती विवाह कायद्यावर अहवाल दिला, १९८३ मध्ये याच कलमावर पुन्हा दिला. कायदा बदलला तो २००१ मध्ये. अहवाल चाळीस वर्षे कपाटात होता. तो बाहेर काढला तो ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनांनी, त्यांच्या वकिलांनी आणि शेवटी त्यांना साथ देणाऱ्या चर्चमधल्या मंडळींनी.

यातून मी घेतलेला धडा असा: सल्ला आयोग लिहितो, पण त्याच्यात जीव समाजातली माणसे भरतात. ज्या समाजाच्या स्त्रिया साक्षीला उभ्या राहिल्या आणि काही पुरुष त्यांच्यामागे उभे राहिले, त्या समाजाचा कायदा उशिरा का होईना हलला.

न विचारता झालेले दोन कायदे

आता आपल्याकडे पाहू. गेल्या चाळीस वर्षांत मुस्लिम स्त्रीसाठी संसदेने दोन कायदे केले. पहिला १९८६ चा. शाहबानोच्या निकालावर उसळलेला राग शमवण्यासाठी तो घाईने आणला गेला. त्या वेळी संघटनांचे पुढारी दिल्लीत बोलत होते; इंदूरची ती वृद्ध स्त्री आणि तिच्यासारख्या हजारो जणी यांना कोणत्याही आयोगाने बोलावले नाही. त्या कायद्याचा न्याय्य अर्थ लावायला सर्वोच्च न्यायालयाला २००१ मधला डॅनियल लतीफी निकाल द्यावा लागला.

दुसरा २०१९ चा. २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायराबानो निकालाने तिहेरी तलाक रद्द ठरला होताच. त्यावर कायदा आला तो तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा. विधेयक निवड समितीकडे पाठवा ही मागणी राज्यसभेत फेटाळली गेली. तिहेरी तलाक गेला याचा मला आनंद आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रिया हमीद दलवाईंबरोबर विधानभवनावर गेल्या तेव्हापासून महाराष्ट्रातल्या किती जणींनी ही मागणी लावून धरली होती! पण कायदा करण्याआधी या स्त्रियांना नीट विचारले असते, तर त्यांनी पुढचा प्रश्नही सांगितला असता. नवऱ्याने तलाकचा शब्दच उच्चारला नाही आणि नुसते सोडून दिले, तर आम्ही काय करायचे? आपा आज याच प्रश्नात अडकली आहे.

न विचारता केलेला कायदा राग शमवण्यासाठी असो की धडा शिकवण्यासाठी, तो बाईच्या चुलीपर्यंत पोहोचत नाही.

आपली स्वतःची सल्ला देणारी मंडळी

विधी आयोग दिल्लीत. धर्माबादच्या बाईला खरा सल्ला मिळतो तो काझीसाहेबांकडून, जमातीच्या बैठकीतून, दारुल कझामधून. तिच्या दृष्टीने हेच 'आयोग' आहेत. म्हणून त्यांनाही तेच प्रश्न विचारायला हवेत: कोणाला विचारले, कोण हजर होते, निर्णय कोणाच्या हिताचा झाला?

उलेमांनी स्त्रीच्या बाजूने सल्ला दिलाच नाही असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. हनफी फिक्हमध्ये बेपत्ता किंवा खर्च न देणाऱ्या नवऱ्यापासून सुटण्याचा मार्ग स्त्रीला जवळपास बंद होता. १९३० च्या दशकात मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी फिक्हचा आधार घेऊन तो मार्ग खुला करणारे पुस्तक लिहिले. जमियतच्या उलेमांनी मसुद्याला हात लावला, काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी केंद्रीय विधानसभेत विधेयक मांडले आणि १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल किंवा दोन वर्षे खर्च देत नसेल, तर बायको न्यायालयातून विवाह रद्द करून घेऊ शकते. थोडक्यात, चारही मजहबांत शोधून स्त्रीला उपयोगी पडेल ती वाट काढता येते, हे आपल्याच बुजुर्गांनी करून दाखवले आहे. आज बैठकीत बसणाऱ्यांनी तेवढे धाडस दाखवावे, एवढीच अपेक्षा आहे.

आणि त्यांच्या अधिकाराची मर्यादाही आपल्याला माहीत हवी. ७ जुलै २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की फतवा हा सल्ला आहे. त्याला कायद्याचे बळ नाही आणि तो कोणावर लादता येत नाही. आपला नांदेड जिल्हा ज्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतो, त्याच खंडपीठात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००२ मध्ये दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात सांगितले की 'मी तलाक दिला आहे' असे कोर्टात नुसते लिहून देऊन भागत नाही. त्यामागचे कारण आणि दोन्हीकडच्या मध्यस्थांमार्फत झालेला समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागतो. शायराबानो निकालाच्या पंधरा वर्षे आधीचा आपल्याच भागातला हा निकाल. तो मला माहीत नव्हता. बैठकीतल्या कोणाला माहीत होता का, ते मी विचारले नाही, कारण उत्तराची कल्पना होती.

आपाला १९३९ च्या कायद्याबद्दल कोणी सांगितले नाही. तलाक झालेला नसताना बायको म्हणून ती पोटगी मागू शकते, हेही सांगितले नाही. १० जुलै २०२४ रोजी शेजारच्या तेलंगणातून गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी संहितेतल्या सर्वसाधारण तरतुदीखाली पोटगी मागता येते असे पुन्हा सांगितले. ती तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तीन वर्षे सब्र सांगणाऱ्यांपैकी एकानेही हे सांगितले असते, तर?

शेतजमीन आणि सही

धर्माबाद शेतीवर आणि मिरचीच्या बाजारावर चालते. इथल्या घरात खरी मालमत्ता म्हणजे जमीन. १९३७ च्या शरियत कायद्याचे कलम २ काढून पाहा: त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शरियतच्या नावाने आपण रस्त्यावर उतरतो, पण ज्या मालमत्तेवर मराठवाड्यातले घर उभे असते तीच त्या कायद्यातून बाहेर आहे, हे मंचावरून कोणी सांगत नाही. कुरआनने मुलीला दिलेला हिस्सा भावाच्या निम्मा आहे. तोही पदरात पडत नाही. वडील गेले की वारसांची नोंद होते, बहिणीला गाडीत बसवून दुय्यम निबंधकाकडे नेतात आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतात. वर साडीचोळी. यात हिंदू-मुस्लिम असा काही फरक नाही. सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव उतरवण्यात आपली गावे एकदिलाने नांदतात. आपानेही सही केली. नंतर त्या भावांच्या घरात तिला खोली मिळाली नाही.

आमच्या तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्याच्या पाण्यावरून दोन राज्यांचे भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१३ च्या निकालाने तिघांची देखरेख समिती बसवली: एक केंद्रीय जल आयोगाचा, एक महाराष्ट्राचा, एक आंध्रचा. शेतकऱ्यांच्या तक्रारी संपल्या असे नाही. पण पाण्यावर दोघांचा दावा आहे तर समितीत दोघांची खुर्ची हवी, एवढे साधे तत्त्व तिथे सगळ्यांनी मान्य केले. संसाराच्या तंट्यात मात्र दावा दोघांचा आणि खुर्ची एकाचीच असते.

हे फक्त जमातीपुरते नाही. उत्तराखंडने २०२२ मध्ये न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली पाच जणांची समिती नेमली. तिच्यात एकही मुस्लिम सदस्य नव्हता. तिच्या शिफारशींवरून झालेला कायदा २७ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. बहुपत्नीत्वाला बंदी आणि मुलामुलींना समान वारसा या त्यातल्या गोष्टींचे मी मनापासून स्वागत करतो. त्याच कायद्याने अनुसूचित जमातींना बाहेर ठेवले आणि लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना नोंदणीची सक्ती करून कैदेची भीती घातली, हे मला मान्य नाही. पण माझ्या पसंती-नापसंतीपेक्षा मोठी गोष्ट ही की तो मसुदा लिहिताना आपण त्या टेबलावर नव्हतो. आपण नुसते 'नाही' म्हणत बसलो, तर महाराष्ट्रातही आपल्याशिवाय लिहिला जाईल.

आता काय करायचे

१ सप्टेंबर २०२४ पासून तेविसाव्या विधी आयोगाची तीन वर्षांची मुदत सुरू झाली आहे. तो पुन्हा विचारेल किंवा विचारणार नाही. आपण उत्तर तयार ठेवायला काय हरकत आहे? २०१४ मध्ये भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने मुस्लिम कौटुंबिक कायद्याचा स्वतःचा मसुदा तयार करून दाखवला. त्यातल्या प्रत्येक कलमाशी सहमत व्हावे असे नाही. पण काम कसे करायचे ते तिथे दिसते. बहुपत्नीत्व बंद करा. विवाह मोडायचा तर दोघांना सारखा हक्क आणि न्यायालयाची देखरेख असू द्या. निकाहाची नोंदणी सक्तीची करा. सोडून दिलेल्या बायकोला ठरावीक मुदतीत खर्च मिळू द्या. शेतजमिनीत बहिणीचा वाटा आणि संसारात मिळवलेल्या मालमत्तेत बायकोचा वाटा कायद्याने ठरवून द्या. सरकारकडेही मागणे आहे: आयोगाने नांदेड, लातूर, परभणीत यावे, मराठीत आणि उर्दूत विचारावे, बायकांना वेगळे भेटावे, आणि समितीत मुस्लिम स्त्री नसेल तर तिचा सल्ला अपुरा आहे हे आधीच मान्य करावे.

'आज मुसलमानांवर इतके संकट असताना हे घरातले कशाला काढता?' असे मला विचारले जाते. संकट खरे आहे, मी ते रोज पाहतो. पण ते आपाने आणलेले नाही आणि तिच्या सब्राने जाणारही नाही. संविधानाचा हवाला आपण आपल्या नागरिकत्वासाठी, आपल्या घरांसाठी देतो. तेच संविधान घराच्या आत बहिणीला लागू होत नाही असे म्हटले, तर आपला दावाच लुळा पडतो.

माझ्यापुरते मी जे केले ते सांगतो. महिनाभराने आपाजवळ वही-पेन घेऊन बसलो आणि विचारले, तुला आयोगाला काय सांगायचे आहे? ती बराच वेळ गप्प होती. मग तिने सांगितले आणि मी तिच्या शब्दांत मराठीत उतरवून घेतले. माझा नवरा मला ठेवत नाही आणि सोडतही नाही, असे होऊ नये. मुलांचा खर्च महिन्याच्या महिन्याला मिळावा. बैठकीत मला बसू द्यावे. आणि माझ्या भावांनी सही घेतली त्या दिवशी मला कोणी तो कागद वाचून दाखवला नव्हता. पुढे कोणाकडून अशी सही घेऊ नये.

मी ते तिला वाचून दाखवले. तिने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, आणि मग सही केली.